राग दोन्ही पक्षांत होता. मग ट्रम्प आत कसे आले आणि सँडर्स दारातच का राहिले?

न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची अंतर्गत निवडणूक २४ जून २०२५ रोजी झाली. माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्या बाजूला नाव होतं, पैसा होता, जुन्या ओळखी होत्या. जिंकले मात्र ३३ वर्षांचे जोहरान ममदानी. राज्याच्या विधानसभेतले एक आमदार, चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांचे चिरंजीव आणि स्वतःला उघडपणे ‘डेमोक्रॅटिक सोशॅलिस्ट’ म्हणवणारे. नोव्हेंबरमध्ये ते महापौरपदीही निवडून आले.

तेव्हापासून अमेरिकेत एक जुनाच प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे. शहरात जे जमलं ते देशपातळीवर जमेल का? राष्ट्राध्यक्षपदाची पुढची निवडणूक २०२८ मध्ये आहे. तिथल्या राज्यघटनेनुसार डोनाल्ड ट्रम्प तिसऱ्यांदा निवडून येऊ शकत नाहीत. म्हणजे दोन्ही पक्षांत जागा मोकळी. पक्षाच्या पुढाऱ्यांना न जुमानणारा, थेट लोकांच्या रागावर स्वार झालेला एखादा बंडखोर डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी खेचून आणू शकेल का?

याचं उत्तर शोधायला भविष्यवाणी करायची गरज नाही. २०१६ साली हा प्रयोग एकाच वेळी दोन्ही पक्षांत झाला होता. रिपब्लिकन पक्षात ट्रम्प, डेमोक्रॅटिक पक्षात बर्नी सँडर्स. दोघांचा सूर एकच होता: ‘वरचे लोक तुम्हाला फसवत आहेत.’ त्या वर ट्रम्प यांनी बोट दाखवलं स्थलांतरितांकडे आणि परदेशी मालाकडे, सँडर्स यांनी दाखवलं बँका, औषध कंपन्या आणि अब्जाधीशांकडे. विचार दोन टोकांचे, पण वाट एकच.

आता आकडा पाहा. पक्षांतर्गत निवडणुकांत ट्रम्प यांना साधारण १ कोटी ४० लाख मतं पडली. त्यांच्या पक्षात पडलेल्या एकूण मतांपैकी सुमारे ४५ टक्के. सँडर्स यांना साधारण १ कोटी ३२ लाख, म्हणजे ४३ टक्के. फरक जेमतेम दोन टक्क्यांचा. तरी एक जण राष्ट्राध्यक्ष झाला आणि दुसरा सिनेटमध्ये परत जाऊन बसला. लोकांचा राग दोघांच्याही मागे होता. निकाल ठरवला तो समोर किती जण उभे होते आणि मतांचा हिशेब कसा होतो, या दोन गोष्टींनी.

बंडखोर म्हणजे तिथला आणि इथला

भारतात बंडखोर कोण? पक्षाने तिकीट नाकारलं म्हणून अपक्ष अर्ज भरणारा. तिकीट कुणाला द्यायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवतात, यादी दिल्लीहून येते, आणि ज्याचं नाव यादीत नाही तो एक तर गप्प बसतो किंवा बंड करतो. बंड होतं ते तिकीटवाटप झाल्यावर.

अमेरिकेत बंड तिकिटासाठीच होतं, कारण तिकीट सामान्य मतदार देतो. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकेका राज्यात पक्षांतर्गत मतदान होतं. बहुतेक ठिकाणी ‘प्रायमरी’, म्हणजे नेहमीसारखं मतपेटीतलं मतदान. काही ठिकाणी ‘कॉकस’, म्हणजे गावोगावी, वॉर्डावॉर्डात बैठक भरवून कौल घ्यायचा. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक प्रतिनिधी येतात, त्यांना ‘डेलिगेट’ म्हणतात. राज्यातल्या मतांनुसार हे डेलिगेट उमेदवारांना मिळतात आणि उन्हाळ्यात पक्षाच्या महाअधिवेशनात ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त डेलिगेट, तो उमेदवार.

म्हणजे पक्षाचा दरवाजा तिथे उघडाच असतो. पक्षात आयुष्य घालवलेलं असायलाच हवं, असंही नाही. सँडर्स हे व्हरमाँट राज्यातून अपक्ष म्हणून निवडून येणारे सिनेटर. सभागृहात डेमोक्रॅटांसोबत बसत, एवढंच. ट्रम्प यांची तर काही वर्षं डेमोक्रॅट म्हणून नोंद होती. दोघेही उपरे. पण उघड्या दरवाजालाही उंबरा असतो, आणि दोन पक्षांचे उंबरे वेगवेगळ्या उंचीचे होते.

सतरा जणांची गर्दी

१६ जून २०१५ रोजी ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर केली तेव्हा रिपब्लिकन पक्षातल्या बड्या मंडळींनी ती फारशी मनावर घेतली नाही. प्रमुख इच्छुकांची संख्या १७ पर्यंत गेली. गव्हर्नर, सिनेटर, एक राष्ट्राध्यक्षाचा मुलगा आणि दुसऱ्याचा भाऊ असलेले जेब बुश. बुश यांच्या पाठीराख्यांच्या निधीगटाने १० कोटी डॉलरहून जास्त जमवले होते. शेवटी बुश यांच्या हाती लागले चार डेलिगेट.

पहिल्याच राज्यात, आयोवात, ट्रम्प हरले. टेड क्रुझ पहिले आले, ट्रम्प सुमारे २४ टक्क्यांवर दुसरे. पुढे न्यू हॅम्पशायर ३५ टक्क्यांवर जिंकलं. त्यानंतरचं साउथ कॅरोलायना हा खरा नमुना. तिथे ट्रम्प यांना सुमारे साडेबत्तीस टक्के मतं पडली. म्हणजे तीनपैकी दोन मतदारांनी त्यांना नाकारलं. पण नाकारणाऱ्यांची मतं पाच जणांत वाटली गेली, आणि राज्याच्या नियमामुळे ५० च्या ५० डेलिगेट ट्रम्प यांना मिळाले. फ्लोरिडात जवळपास ४६ टक्क्यांवर ९९ पैकी ९९. संपूर्ण राज्यात निम्म्याहून जास्त मतं त्यांना पहिल्यांदा मिळाली ती थेट १९ एप्रिलला, स्वतःच्या न्यूयॉर्क राज्यात. तोपर्यंत निम्मी लढाई त्यांनी जिंकून ठेवली होती.

हे गणित सीमाभागातल्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. बेळगाव परिसरात २०१३ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले होते. २०१८ मध्ये खानापुरात समितीच्याच दोन गटांचे दोन उमेदवार समोरासमोर आले आणि जागा काँग्रेसकडे गेली. त्या वर्षी समितीचा एकही आमदार झाला नाही. मतदार कुठे गेले नव्हते, मतं फुटली होती. फरक एवढाच की खानापुरात फूट पडली ती हक्काच्या मतदारांत, आणि रिपब्लिकन पक्षात फूट पडली ती ट्रम्प नकोत म्हणणाऱ्यांत.

मग ते एकत्र का आले नाहीत? प्रत्येकाला वाटत होतं, ट्रम्प यांचा फुगा आज ना उद्या फुटणार. तेव्हा उरलेली मतं गोळा करायला आपण रिंगणात हवं. म्हणून ते ट्रम्पना सोडून एकमेकांवरच तुटून पडले. ३ मार्च २०१६ ला पक्षाचे आधीचे उमेदवार मिट रॉम्नी यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध जाहीर भाषण केलं. एप्रिलच्या शेवटी क्रुझ आणि जॉन केसिक यांनी राज्यं वाटून घ्यायचा समझोता जाहीर केला. तो काही दिवससुद्धा धड टिकला नाही. ३ मे रोजी इंडियाना गेलं, त्याच रात्री क्रुझ थांबले, दुसऱ्या दिवशी केसिक.

यात एक गंमत आहे. २०१२ च्या पराभवानंतर रिपब्लिकन पक्षाने आत्मपरीक्षण केलं होतं. अंतर्गत लढाई लांबते आणि उमेदवार रक्तबंबाळ होऊन बाहेर पडतो, असा निष्कर्ष निघाला. त्यावर उपाय म्हणून वेळापत्रक आटोपशीर केलं, अधिवेशन अलीकडे आणलं. हेतू हा की जो पुढे असेल त्याचं काम लवकर उरकावं. पुढे असेल तो आपलाच माणूस असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्याच अहवालात स्थलांतरितांबाबत मवाळ भूमिका घ्या असंही सुचवलं होतं. ते बाजूला राहिलं.

सँडर्स यांची अडचण वेगळी होती

डेमोक्रॅटिक पक्षात गर्दी नव्हती. हिलरी क्लिंटन यांची उमेदवारी जवळजवळ ठरलेली, त्यामुळे बाकीचे मातब्बर मैदानातच उतरले नाहीत. सँडर्स उतरले तेव्हा सगळ्यांनी त्यांना शोभेपुरतं धरलं. पण आयोवात जेमतेम पाव टक्क्याचा फरक राहिला आणि न्यू हॅम्पशायरमध्ये सँडर्स ६० विरुद्ध ३८ ने जिंकले. मोठ्या देणगीदारांचे निधीगट न घेता, सरासरी २७ डॉलरच्या देणग्यांवर त्यांनी २० कोटी डॉलरहून जास्त उभे केले. कॉलेजातली पोरं सभांना गर्दी करत होती. सरकारी महाविद्यालयांत फी माफ, सर्वांना सरकारी आरोग्य विमा, ताशी १५ डॉलर किमान वेतन, एवढ्या तीन मागण्या ते प्रत्येक सभेत त्याच शब्दांत मांडत.

दोघांतच लढत असली की बंडखोराला फाटाफुटीचा फायदा मिळत नाही. त्यात डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम असा की कुठल्याही राज्यात ‘जिंकला त्याला सगळं’ नाही. १५ टक्क्यांच्या वर ज्याला जितकी मतं, त्याला त्या प्रमाणात डेलिगेट. ऐकायला हा नियम न्यायाचा वाटतो, आणि तो आहेही. पण मागे पडलेल्याला त्यात झेप घेता येत नाही.

८ मार्च २०१६ ची रात्र पाहा. मिशिगनमध्ये सगळे अंदाज खोटे ठरवत सँडर्स दीड टक्क्याने जिंकले. वाहिन्यांवर रात्रभर तीच बातमी. डेलिगेट किती मिळाले? सँडर्स यांना ६७, क्लिंटन यांना ६३. जिंकून चारचा फायदा. त्याच रात्री मिसिसिपीत क्लिंटन यांना ८२ टक्क्यांच्या वर मतं पडली. तिथे ३१ त्यांचे, पाच सँडर्स यांचे. मथळा सँडर्स यांचा, आणि रात्रीच्या हिशेबात पुढे गेल्या त्या क्लिंटन.

मिसिसिपी हा अपवाद नव्हता. साउथ कॅरोलायनात क्लिंटन यांना ७३ टक्क्यांवर मतं मिळाली. तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांपैकी दहातल्या आठांहून अधिक जण त्यांच्या बाजूने होते. दक्षिणेतल्या राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचा कणा हाच समाज आहे. क्लिंटन कुटुंबाचे त्यांच्या चर्चशी, स्थानिक पुढाऱ्यांशी कित्येक वर्षांचे संबंध. सँडर्स आले होते व्हरमाँटमधून, जिथे कृष्णवर्णीय लोकसंख्या नगण्य. श्रीमंत आणि गरीब एवढी एकच रेघ त्यांच्या भाषणात असायची. ज्या समाजाने वर्गाच्या जोडीला वर्णाचा मारही खाल्ला आहे, त्याला ती रेघ अपुरी वाटली. सभेला गर्दी जमवणं वेगळं आणि ज्यांचा राग अजून आपल्याकडे आलेला नाही त्यांच्या ओसरीवर जाऊन बसणं वेगळं. हे दुसरं काम सँडर्स यांनी उशिरा सुरू केलं.

खेळात लबाडी होती का?

सँडर्स यांच्या पाठीराख्यांत आजही एक वाक्य चालतं: ‘उमेदवारी चोरली.’ त्यात किती तथ्य आहे हे तुकड्यातुकड्याने पाहावं लागतं.

पहिला मुद्दा ‘सुपरडेलिगेट’चा. पक्षाचे खासदार, गव्हर्नर, पदाधिकारी अशी सुमारे ७०० मंडळी मतदारांच्या कौलाशी बांधलेली नव्हती. ती हवं त्याला मत देऊ शकत होती. आयोवात पहिलं मत पडायच्या आधीच यातल्या साडेतीनशेहून अधिक जणांनी क्लिंटन यांना पाठिंबा दिला होता. वाहिन्या हे आकडे एकूण बेरजेत धरून दाखवत. बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस तर आधीच शेकड्यांनी मागे आहे. कॅलिफोर्नियात ७ जूनला मतदान होतं. ६ जूनला सुपरडेलिगेटसह बेरीज करून एका मोठ्या वृत्तसंस्थेने क्लिंटन यांची उमेदवारी निश्चित झाल्याचं जाहीर करून टाकलं. रांगेत उभं राहण्याआधीच निकाल ऐकलेल्या मतदाराला काय वाटलं असेल?

दुसरा मुद्दा न्यूयॉर्कचा. तिथे फक्त पक्षाचा नोंदणीकृत मतदारच मत देऊ शकतो, आणि आधीच नोंद असलेल्याला पक्ष बदलायची शेवटची तारीख होती ९ ऑक्टोबर २०१५. मतदान १९ एप्रिल २०१६ ला. सँडर्स हे नाव बहुतेकांच्या कानावर पडायच्या आधीच दार बंद. हा नियम इतका आडवळणाचा की ट्रम्प यांची मुलगी इव्हांका आणि मुलगा एरिक यांनाही वेळेत नोंदणी करता आली नाही. वडिलांना मत देता आलं नाही. म्हणजे नियम एकट्या सँडर्स यांच्याविरुद्ध केलेला नव्हता. पण बाहेरून आलेल्याचे मतदार बहुतेक बाहेरचेच असतात, त्यामुळे त्याचा फटका त्यालाच जास्त बसतो.

तिसरा मुद्दा पक्षाच्या मुख्यालयाचा. जुलै २०१६ मध्ये विकिलीक्सने पक्ष समितीचे अंतर्गत ईमेल उघड केले. तटस्थ राहायचं कर्तव्य असलेले कर्मचारी सँडर्स यांच्याबद्दल काय बोलत होते ते लोकांसमोर आलं. अध्यक्षा डेबी वासरमन शुल्ट्झ यांना अधिवेशनाच्या तोंडावर पायउतार व्हावं लागलं.

हे सगळं खरं. पण याच्या जोडीला तिसरा हिशेबही मांडायला हवा. क्लिंटन यांना सँडर्स यांच्यापेक्षा ३५ लाखांहून जास्त मतं मिळाली. मतदारांनी निवडलेले डेलिगेट तेवढेच मोजले तरी क्लिंटन २,२०५ आणि सँडर्स १,८४६. सगळे सुपरडेलिगेट बाजूला काढले तरी निकाल तोच. पंच पक्षपाती होता, हे खरं. आणि सामना त्याच्याशिवायही हरला असता, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकत्र स्वीकारणं दोन्ही बाजूंना जड गेलं. पराभूतांनी लबाडी तेवढी लक्षात ठेवली, विजेत्यांनी आकडे तेवढे.

त्याची किंमत नोव्हेंबरमध्ये मोजावी लागली. देशभरात सुमारे २९ लाख मतं जास्त मिळूनही क्लिंटन हरल्या, कारण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून ८० हजारांहून कमी मतांनी गेली. यातली पहिली दोन सँडर्स यांनी प्रायमरीत जिंकली होती. पुढे झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात सँडर्स यांना प्रायमरीत मत देणाऱ्यांपैकी दहातल्या एकाहून जरा जास्त लोकांनी शेवटी ट्रम्प यांना मत दिल्याचं दिसलं. त्यातल्या अनेकांचा डेमोक्रॅटिक पक्षाशी आधीच फारसा संबंध उरला नव्हता, हेही तितकंच खरं.

दार कुणी उघडलं, कडी कुणी लावली

हे सुपरडेलिगेट आले कुठून? १९६८ पर्यंत अमेरिकेतही तिकीट पुढारीच ठरवत. त्या वर्षी व्हिएतनाम युद्धावरून पक्ष पेटलेला असताना ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढता उमेदवारी मिळवली. शिकागोच्या अधिवेशनात आत गोंधळ आणि बाहेर पोलिसांचा लाठीमार झाला. त्यातून सुधारणा आल्या आणि तिकिटाचा अधिकार मतदारांकडे गेला. १९७२ मध्ये त्या नियमांवर युद्धविरोधी जॉर्ज मॅकगव्हर्न उमेदवार झाले आणि ५० पैकी ४९ राज्यांत हरले. पक्षाने धसका घेतला. १९८२ मध्ये जाणत्या मंडळींसाठी राखीव मतांची सोय झाली, तेच सुपरडेलिगेट. आधी दार उघडलं, मग आतून कडी बसवली. रिपब्लिकन पक्षाला अशा कडीची गरज वाटली नाही.

२०१६ च्या वादानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने ही कडी सैल केली. २०१८ मध्ये ठरलं की अधिवेशनाच्या पहिल्या फेरीत, निकाल आधीच स्पष्ट नसेल तर, सुपरडेलिगेट मत देणार नाहीत. हा सँडर्स यांच्या बंडाचा सरळ विजय. २०२० मध्ये ते पुन्हा उतरले तेव्हा रिंगणात गर्दी होती, म्हणजे ट्रम्प यांना लाभलेली परिस्थिती आता त्यांच्या वाट्याला आली होती. न्यू हॅम्पशायर २६ टक्क्यांच्या आतबाहेर जिंकलं, नेव्हाडा जवळपास ४७ टक्क्यांवर. पत्रकार त्यांना आघाडीवर धरून बोलू लागले.

मग चार दिवस आले. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात खासदार जिम क्लायबर्न यांच्या पाठिंब्यावर जो बायडन ४८ टक्क्यांच्या वर गेले. १ मार्चला पीट बुटिजेज यांनी माघार घेतली, २ मार्चला एमी क्लोबुशार यांनी. दोघांनी २ तारखेलाच बायडन यांना पाठिंबा जाहीर केला. ३ मार्चला १४ राज्यांत मतदान झालं, त्यातली दहा बायडन यांनी जिंकली. मिनेसोटासारखी जिथे त्यांचा प्रचार जवळजवळ नव्हता तीही. ८ एप्रिलला सँडर्स थांबले.

रिपब्लिकन पुढाऱ्यांना २०१६ मध्ये तीन महिन्यांत जे जमलं नाही ते डेमोक्रॅटांनी तीन दिवसांत केलं. सुपरडेलिगेटची गरजही पडली नाही. राखीव मतांपेक्षा ‘माघार कधी घ्यायची’ हे कळणं जास्त उपयोगी पडलं. ट्रम्प यांच्या विजयाकडे पाहून ते शिकले होते, असं म्हणायला जागा आहे.

वडोदऱ्यातला प्रयोग

अमेरिकेची ही पद्धत भारतात कुणी करून पाहिली का? पाहिली. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने काही मोजक्या मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग केला. त्यात वडोदरा होतं, सयाजीरावांच्या काळापासून मराठी घरं नांदत असलेलं शहर. तिथे कार्यकर्त्यांनी मतदान करून नरेंद्र रावत यांना निवडलं. तेवढ्यात भाजपने वडोदऱ्यातून नरेंद्र मोदी यांचं नाव जाहीर केलं. काँग्रेसला तगडा उमेदवार हवासा वाटला. रावत बाजूला झाले आणि मधुसूदन मिस्त्री आले. मोदी ५ लाख ७० हजारांच्या फरकाने जिंकले. रावत राहिले असते तरी निकाल बदलला नसता. पण कार्यकर्त्यांचा कौल पहिल्याच वाऱ्याला उडून गेला, एवढं मात्र झालं. त्यानंतर त्या पद्धतीचं फारसं नाव कुणी काढलं नाही.

म्हणून सँडर्स यांच्या पराभवाकडे पाहताना इथल्या वाचकाने एक गोष्ट विसरू नये. ज्या व्यवस्थेत त्यांच्यावर अन्याय झाला म्हणतात, तिथे पक्षाबाहेरच्या माणसाला १ कोटी ३२ लाख मतं मागता आली, मिळवता आली, आणि हरल्यावर नियम बदलून घेता आले. भारतातल्या कुठल्याही मोठ्या पक्षात तिकीट नाकारलेला कार्यकर्ता ‘कुठल्या नियमाने?’ असं विचारू लागला तर त्याला दाखवायला नियमच नाही.

जिंकलेल्या बंडखोराचं काय होतं

तरी उघड्या दरवाजाचीही दुसरी बाजू आहे. जिंकलेला बंडखोर बंडखोर राहत नाही. ट्रम्प यांनी पक्ष जिंकला आणि मग ज्या प्रायमरीने त्यांना आत आणलं तिचाच चाबूक केला. लिझ चेनी या पक्षातल्या वजनदार घराण्यातल्या खासदार. ट्रम्प यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये वायोमिंगच्या प्रायमरीत ३७ टक्क्यांच्या फरकाने पडल्या. आज रिपब्लिकन खासदार विरोधी पक्षाला भितो त्याहून जास्त स्वतःच्या प्रायमरीला भितो. प्रायमरीत मत देणारे एकूण मतदारांच्या तुलनेत थोडे असतात, आणि त्यात ज्याच्या मागे कट्टर मंडळी त्याची सत्ता चालते.

हरलेला बंडखोर मात्र पक्षाला हळूहळू आपल्याकडे ओढत राहतो. ताशी १५ डॉलर वेतनाची मागणी २०१६ च्याच डेमोक्रॅटिक जाहीरनाम्यात आली. २०२१ मध्ये सँडर्स सिनेटच्या अर्थसंकल्प समितीचे अध्यक्ष झाले. ममदानी यांच्या प्रचारात घरभाडं, बसभाडं, किराणा या रोजच्या खर्चाच्या गोष्टी होत्या. त्यांना सँडर्स यांचा पाठिंबा होता. न्यूयॉर्क शहराची पद्धतही वेगळी आहे: मतदार पसंतीक्रम लावतो, त्यामुळे मतं फुटून वाया जात नाहीत. परदेशात जन्मल्यामुळे ममदानी स्वतः राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहू शकत नाहीत. पण त्यांची वाट दुसरं कुणी धरू शकतं.

२०२८ मध्ये असा कुणी उभा राहिला तर त्याच्या सभेतली गर्दी मोजण्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्या लागतील. समोर किती जण आहेत आणि ते माघार कधी घेतात. साउथ कॅरोलायनासारख्या राज्यांत कृष्णवर्णीय मतदार त्याला आपलं मानतात का. आणि पक्षाबाहेरचा जो तरुण त्याच्यासाठी धावतो आहे, त्याची मतदार म्हणून नोंद वेळेत झाली आहे का. सँडर्स दोन वेळा लढले आणि या तिन्हीतलं एकही गणित त्यांना पूर्ण जुळवता आलं नाही. ट्रम्प यांना पहिलंच गणित आयतं जुळून मिळालं, आणि तेवढं त्यांना पुरलं.